आरव्हीच्या छपराला लावलेला चुना

अमेरिकेतल्या आरव्ही पार्कात, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर लावायच्या जागेत, एक पिकअप येऊन थांबतो. "शेजारच्या कामातला माल उरलाय, तुमच्या छपराचे जोड उघडे पडलेत, निम्म्या दरात आजच करून देतो." मालक खाली, बोलणारा शिडीवर. तीन तासांत तीस फुटी ट्रेलर पांढराशुभ्र होतो, नोटा मोजून घेतल्या जातात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पलंगावर थेंब पडतो. सहलींसाठी जुना ट्रेलर घेणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना याचा दुसरा अवतार भेटू शकतो: विकणाराच विक्रीआधी असा रंग मारून ठेवतो.

तो थर नखाने उचलून पाहा, पापुद्र्यासारखा सुटतो. कारण साधं आहे. ईपीडीएम रबराचं छप्पर उन्हाने पिठाळतं, हात फिरवला की तळवा पांढरा होतो. ती पूड न धुता लेप मारला तर लेप पुडीला चिकटतो, छपराला नाही. खाली जुन्या सीलंटच्या, म्हणजे जोड बुजवणाऱ्या लुकणाच्या, भेगा तशाच, स्क्रूची डोकी गंजलेली.

त्याहून वाईट म्हणजे जोडांवर ओढलेलं हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन. ते रबरावर नीट धरत नाही, आणि त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. ताजं असताना व्हिनेगरसारखा वास आला तर काम तिथेच थांबवा. नंतर ते कणाकणाने खरवडण्यात जी मजुरी जाते, ती मूळ दुरुस्तीपेक्षा सहज जास्त होते. भामटा निम्म्या दराचं बोलतो ते एवढ्यापुरतं खरं, की उरलेला खर्च पुढच्या कारागिराकडे करायचा असतो.

नीट काम असं असतं. सैल झालेला सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने काढायचा. घट्ट बसलेला राहू द्यायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. पेट्रोल, थिनर अजिबात नको, रबर फुगतं. सपाट जागी सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सपाट पसरणारा, लॅप सीलंट, उभ्या कडेला न ओघळणारा प्रकार. थर साधारण इंचभर रुंद, स्क्रूची डोकी पूर्ण बुडतील असा. हवा किमान 10 अंश सेल्सिअस हवी.

आता हिशोब करा. 10.3 औंसाची एक नळी अशा थरात जेमतेम आठ फूट जाते. पुढचा आणि मागचा आडवा जोड प्रत्येकी आठ फूट, म्हणजे दोन नळ्या. 14 इंची व्हेंटच्या, म्हणजे छपरातल्या झरोक्याच्या, फ्लँजभोवती (छपरावर टेकणाऱ्या कडेभोवती) साडेपाच फूट. असे तीन व्हेंट धरले तर आणखी दोनाहून किंचित जास्त. स्कायलाइट, पाइप, शिडीचे पाय, अँटेना धरून सहा ते आठ नळ्या लागतातच. "सगळे जोड केले" म्हणणाऱ्याकडे रिकाम्या नळ्या मागा. दोनच निघाल्या तर बाकीच्या जोडांवर नुसता रंग आहे.

विकत घेताना छपरापेक्षा आतून जास्त कळतं. पाणी पुढच्या जोडातून शिरतं आणि आतल्या लाकडी पट्ट्यांवरून वाहत दूर कुठेतरी उतरतं, म्हणून डाग दिसेल तिथेच गळती असेल असं नाही. वरच्या कपाटांचे कोपरे, पलंगाच्या उशाकडची भिंत, व्हेंटची आतली चौकट दाबून पाहा. ब्रेडसारखं दबलं तर प्लाय कुजलेला आहे. टोचायच्या ओलमापकाने लाकडात 20 टक्क्यांवर आकडा आला तर सौदा सोडा. बाहेरच्या भिंतीवर, तिरक्या उजेडात, फुगवटा दिसतो का तेही बघा. विक्रेता म्हणेल, नुसती चिकटपट्टी लावली की झालं. बुटाइलची रुंद टेप चांगलीच, पण कोरड्या लाकडावर. ओल्यावर लावली की ओल आत कोंडते आणि कुजणं जोरात चालू राहतं.

बाहेरून कारागीर बोलवायचा असेल तर बिलावर सीलंटचं नाव आणि प्रकार लिहून घ्या, प्रत्येक जोडाचे आधीचे-नंतरचे फोटो मागा, पैसे कार्डाने द्या. "लाइफटाइम गॅरंटी" तोंडी असेल तर ती त्या पिकअपबरोबरच निघून जाते. विमा कंपनीही हळूहळू झालेली गळती सहसा देखभालीची हयगय म्हणून नाकारते.