पहिलं प्रदर्शन कुठे लावायचं: भाड्याचं दालन, कमिशनचं दालन की वाचनालयाचा हॉल?

मराठवाड्यातल्या बहुतेक चित्रकारांचं घर शाळेतल्या कलाशिक्षकाच्या नोकरीवर, बोर्ड-बॅनरच्या कामावर नाहीतर फोटोग्राफीवर चालतं. चित्रं रात्री आणि रविवारी होतात. प्रदर्शन लावायचं ठरलं की हाताशी असतात पंधरा-वीस चित्रं, मोजक्या रजा आणि फ्रेमिंगसाठी बाजूला टाकलेले पैसे. अशा माणसासमोर चार वाटा असतात: छोटं सामुदायिक कलादालन भाड्यानं घेणं, कमिशनवर चित्रं ठेवणाऱ्या दालनात जाणं, वाचनालयाचा किंवा कॉलेजचा हॉल मागणं, नाहीतर थेट पुणे-मुंबई गाठणं. आमचं मत आधीच सांगतो. पहिलं प्रदर्शन तिघा-चौघांनी मिळून, आपल्याच जिल्ह्याच्या गावी, भाड्याच्या छोट्या दालनात करावं. हे सगळ्यांना लागू नाही. कोणाला नाही, ते भाड्याच्या आकड्यापेक्षा भिंतीवरून लवकर कळतं.

आधी भिंत मोजा

दालनवाले चौरस फूट सांगतात. चित्रकाराला लागतात भिंतीचे रनिंग फूट, म्हणजे भिंतीची लांबी. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड आणि कूलरची जागा वजा करून टेपनं स्वतः मोजा. 24 इंच रुंदीची चित्रं, मध्ये 12 इंच मोकळी जागा आणि दोन्ही टोकांना 12 इंच सोडले, तर सलग 40 फुटांच्या भिंतीवर 13 चित्रं बसतात, 60 फुटांवर 19 आणि 80 फुटांवर 26. कोपरे आले की एखाद-दुसरं कमी होतं. तुमच्याकडे दाखवण्याजोगी आठ-दहाच चित्रं असतील तर 60 फुटांचं दालन एकट्यानं घेऊ नका. भिंत भरायला मग जुनी, कच्ची कामं काढली जातात आणि चांगल्या चित्रांचंही वजन उतरतं. एका हाताची, एका विषयाची वीसेक कामं तयार असतील तरच एकल प्रदर्शन करा.

भिंत कशाची आहे हेही बघा. आपल्याकडे इमारतींखालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. तड्याजवळ ड्रिल मारून बसवलेला प्लग दोन दिवसांत सैल होतो. खालच्या दोन-तीन फुटांत लोणा (ओलीनं येणारा पांढरा क्षार) धरलेला असेल तर कागदावरची कामं त्या भिंतीला लावू नका. वर पिक्चर रेल (चित्रं टांगायची भिंतीवरची पट्टी) आणि त्यातून सोडलेल्या तारा असतील तर ते दालन शंभर रुपये महाग असलं तरी घ्यावं: भिंतीला भोक नाही, उंची क्षणात बदलते, डिपॉझिटमधून पुट्टीचे पैसे कापले जात नाहीत.

उंचीचा हिशोब सगळीकडे सारखाच. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर ठेवा. फ्रेमची उंची 36 इंच असेल तर तिची अर्धी 18 मिळवा, आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेच्या खाली जितकी येते तितकं वजा करा. तार 4 इंच खाली येत असेल तर हुक 72 इंचांवर. चित्रं वेगवेगळ्या मापाची असली तरी मध्य एका रेषेत राहिला की भिंत शांत दिसते. मागच्या डी-रिंगा, म्हणजे तार बांधायच्या कड्या, वरून एक तृतीयांशावर लावा. त्याच्या खाली लावल्या तर फ्रेम पुढे झुकते.

भाडं की कमिशन

समजा दालनाचं भाडं रोज 1,500 रुपये आहे आणि प्रदर्शन सहा दिवस. भाडं 9,000. दुसरं दालन भाडं घेत नाही, विक्रीवर 30 टक्के घेतं. एकूण 30,000 रुपयांच्या विक्रीला दोन्ही सारखेच पडतात. त्याहून कमी विकलं जाणार असेल तर कमिशन स्वस्त, जास्त विकलं जाणार असेल तर भाडं. एकट्या नवख्या चित्रकाराला 30,000 ची विक्री गृहीत धरता येत नाही, म्हणून कागदावर कमिशन जिंकतं. पण चौघांनी भाडं वाटून घेतलं की प्रत्येकी 2,250 येतात, आणि 7,500 च्या विक्रीतच बरोबरी होते. म्हणजे एकच मध्यम चित्र. समूहानं भाड्याचं दालन घ्यावं म्हणतो ते यासाठी.

भाड्याच्या दालनात मात्र सगळं तुमच्या अंगावर येतं: चित्रं लावणं-उतरवणं, निमंत्रणपत्रिका, किंमतयादी, दिवसभर बसणं. नोकरी करणाऱ्याला हे बसणंच सगळ्यात जड जातं. चौघांत सहा दिवस म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दीड दिवस, रजेचा प्रश्न सुटतो. बसणाऱ्याला चौघांच्याही चित्रांचं माध्यम, माप आणि शेवटची किंमत तोंडपाठ हवी. "त्यांना विचारून सांगतो" म्हटलं की दहातले नऊ गिऱ्हाईक परत येत नाहीत.

कमिशनच्या दालनात माणूस त्यांचा, गिऱ्हाइकांची यादी त्यांची. म्हणून ते निवडही करतात. पंधरा दाखवली तर सहा घेतात, आणि बहुधा घरात लावता येतील अशी निसर्गचित्रं आणि गणपतीच घेतात. तुमचं काम दुष्काळावर, ऊसतोडीच्या तांड्यांवर असेल तर तिथे अडकू नका. भाड्याच्या भिंतीवर तुम्हाला हवं ते लावता येतं.

कमिशनचं बोलणं कागदावर उतरवल्याशिवाय चित्र देऊ नका. साध्या कागदावर दोघांच्या सह्या चालतील, पण एवढं त्यात हवंच: प्रत्येक चित्राचं नाव, माप, माध्यम, किंमत, किती दिवस ठेवणार, पैसे विक्रीनंतर किती दिवसांत देणार, काच फुटली किंवा चित्राला ओरखडा गेला तर भरपाई कोणाची. आणि सवलतीचा मुद्दा, ज्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. 12,000 चं चित्र 10 टक्के सवलतीनं 10,800 ला गेलं. 30 टक्के कमिशन प्रत्यक्ष विक्रीवर धरलं तर 3,240 जातात आणि तुम्हाला 7,560 मिळतात. छापील किमतीवर धरलं तर 3,600 जातात आणि तुमच्या हाती 7,200. एका चित्रात 360 चा फरक. दालन जीएसटी नोंदणीकृत असेल तर कमिशनवर 18 टक्के कर वेगळा, म्हणजे 30 चे 35.4 टक्के होतात. हे आधी विचारून मगच किंमत ठरवा. फ्रेमचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेवर कमिशन घ्यायला काही दालनं तयार होतात. मागून बघायला काय हरकत आहे?

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखी दिल्याशिवाय तो चित्रकाराकडेच राहतो. दालनाला कॅलेंडर किंवा ग्रीटिंग कार्ड छापायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी, वेगळे पैसे. मात्र कोणी पैसे देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र मुद्दाम काढून घेतलं तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, त्याचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो.

वाचनालयाचा हॉल: फुकट, पण

तालुक्याच्या गावी बहुधा हाच एक पर्याय असतो, आणि तो कमी प्रतीचा समजू नये. लोक तिथे पेपर वाचायला रोज येतात. दालनात पाय टाकायला बिचकणारा माणूस वाचनालयात सहज शिरतो. शाळेतली मुलं आली की मागोमाग त्यांचे आईबाप येतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणारी मुलं हा तर हक्काचा प्रेक्षक.

अडचण भिंतीची. कपाटं, थोर पुरुषांच्या तसबिरी आणि खिडक्या यांतून चित्राला जागाच उरत नाही. मग मंडपवाल्याकडून स्टँड आणायचे. बांबूला पांढरा कपडा ताणून त्यावर एस-हुकनं चित्रं अडकवणं सगळ्यात स्वस्त, पण वरचे पंखे लागले की चित्रं हलतात, एकमेकांवर आपटतात आणि काचा तडकतात. 8 बाय 4 फुटांचे प्लायचे पॅनल घ्या, दोन-दोन पॅनल इंग्रजी व्ही आकारात बिजागरीनं जोडा आणि पायाशी वाळूच्या पिशव्या ठेवा. सरळ उभं केलेलं एकटं पॅनल मुलाच्या धक्क्यानंही पडतं. अशा पॅनलवर काचेचं वजनही जपावं लागतं. 24 बाय 36 इंचांची 4 मिलिमीटर काच एकटीच साडेपाच किलोंच्या पुढे जाते, 2 मिलिमीटरची पावणेतीनच्या आसपास, आणि 2 मिलिमीटर अ‍ॅक्रिलिक शीट सव्वा किलोच्या थोडी पुढे. शीटवर धूळ पटकन बसते आणि ओरखडे पडतात. ओल्या मऊ सुती कपड्यानं पुसा, स्पिरिट लावलं की ती पांढरट पडते.

स्टँड, टेम्पो, दिवे आणि राखणीला माणूस धरला तर "फुकट" हॉल भाड्याच्या दालनाच्या जवळ जाऊन बसतो. शिल्पं, बिदरीचं धातुकाम, पैठणी-हिमरूचं विणकाम असं काही असेल तर मात्र हॉलच बरा, कारण मध्ये टेबलं मांडायला जागा मिळते. विणकाम घडी घालून आणू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून आणा आणि उन्हाच्या तिरिपेत येणार नाही असं लावा.

उजेड आणि तारखा

दालन बघायला दुपारी जाऊ नका, दिवेलागणीनंतर जा. लोक तेव्हाच येतात. ट्यूबलाइटखाली लाल-तपकिरी रंग मेलेले दिसतात. 3000 ते 4000 केल्व्हिनचे (हे उजेडाच्या रंगछटेचं माप), सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90 च्या वरचे स्पॉटलाइट हवेत. छत 10 फूट असेल तर दिवा भिंतीपासून 3 फुटांवर धरा, म्हणजे उजेड साधारण 30 अंशांनी मध्यावर पडतो. त्याहून दूर गेला तर काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतं. वीज गेल्यावर काय, हेही विचारा. 7 वॅटचे 12 दिवे म्हणजे फक्त 84 वॅट, घरचा साधा इन्व्हर्टरही ते आरामात ओढतो. त्यावर चार पंखे टाकले की बॅटरी काही तासांत बसते.

उद्घाटनाची समई चित्रांपासून दहा फूट लांब ठेवा. तेलाचा शिंतोडा कॅनव्हासवरून निघत नाही आणि कागदावरून तर नाहीच. पाहुण्यांच्या खुर्च्या भिंतीला टेकवून मांडल्या तर पाठींनी फ्रेम घासतात.

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ: हवा कोरडी, कापूस-सोयाबीनचे पैसे हातात, संध्याकाळी लोक बाहेर पडतात. लग्नतिथी बघून शनिवार-रविवार निवडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात, कलाशिक्षकाला सुट्टी नाही आणि पालकांना सवड नाही. मे महिन्यात बंद टेम्पोत अ‍ॅक्रिलिकचा थर नरम होतो आणि बबलरॅपचे ठसे रंगावर उमटतात. आधी ग्लासिन कागद किंवा बटर पेपर, मग बबलरॅप फुगे बाहेर करून, आणि चित्रं टेम्पोत नेहमी उभी. पावसाळ्यात कागद फुगतो आणि माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) आत लाटा येतात. तेव्हा जलरंग टाळून कॅनव्हास लावावेत.

पुणे-मुंबई कधी

मुंबईचं जहांगीर कलादालन 1952 पासून आहे आणि तिथे लागणं मानाचं आहेच. पण तिथे अर्ज, निवड आणि तारखेसाठी वर्षांची वाट आहे. शिवाय राहणं, वाहतूक, आठवडाभराची रजा. पुणे छत्रपती संभाजीनगरहून सुमारे 235 किलोमीटर, नांदेडहून त्याच्या जवळपास दुप्पट. ज्याचं एक चित्र 40-50 हजारांच्या पुढे जातं आणि ज्याच्याकडे आधीच्या प्रदर्शनांचे नीट काढलेले फोटो, किंमतयादी, कात्रणं आहेत, त्यानं खुशाल जावं. बाकीच्यांनी ही कागदपत्रं आधी जिल्ह्याच्या गावी तयार करावीत. अर्जासोबत तीच मागतात.

प्रदर्शन कुठेही असो, ते समूहानं करायचं ठरलं असेल तर दालनाशी बोलण्याआधी आपसात चार गोष्टी ठरवा. भिंतीचे फूट चिठ्ठ्या टाकून वाटा, कारण दारासमोरची भिंत सगळ्यांनाच हवी असते. किमती प्रत्येकानं आपल्या ठरवाव्यात, पण यादी एकच आणि एकाच अक्षरात छापावी. पैसे ज्याच्या त्याच्या क्यूआर कोडवर घ्यावेत, एकाच्या खात्यात जमा करून नंतर वाटू नयेत. आणि विकल्या चित्राला लाल ठिपका लावला तरी शेवटच्या संध्याकाळपर्यंत ते भिंतीवरून उतरवायचं नाही, हे घेणाऱ्याला पैसे घेतानाच सांगावं.