ऐरोलीची फ्लेमिंगो बोट: दुसऱ्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राची बोटसफर पहिल्यांदा जाणाऱ्याला डोळे मिटून सुचवावी. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचा आहे. जेट्टी तीच, ठाणे खाडी तीच. नेहमीचे प्रवासी ‘नवा मार्ग काढा’ म्हणतात ते उगाच नाही. पण इथला मार्ग बोटवाला ठरवत नाही, पाणी ठरवतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि बोट रुतण्याची भीती असते, म्हणून फेऱ्या भरतीच्या आसपासच लागतात. उलट ऐन उधाणात चिखल बुडाला की बरेच पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे उडतात. मग बघा नुसतं पाणी!

म्हणून नव्या सफरीसाठी वार नाही, तिथी बदला. अमावास्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बारा-एकला येते, पुढे रोज पाऊणएक तास सरकते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. पाणी कमी चढतं, त्यामुळे चिखलाचे पट्टे आणि त्यावर चरणारे थवे दिसण्याची शक्यता जास्त. निवड असेल तर पाणी उतरतानाची फेरी घ्या.

महिनाही बदला. डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये फ्लेमिंगोंची, म्हणजे रोहित पक्ष्यांची, गर्दी मोठी. गडद चोचीचा तो छोटा रोहित. फिकट गुलाबी चोच आणि काळं टोक असलेला, उंच तो मोठा. दुर्बीण ८ पटीची बरी, १० पटीची हलत्या बोटीत फार थरथरते.

केंद्राने फेरीच्या वेळेसोबत भरतीची वेळही छापली, तर निम्म्या तक्रारी मिटतील.