एएसी ब्लॉकवर आडवं लाकूड: प्लास्टिक गिट्टी, लांब प्लग, केमिकल की जे-बोल्ट?

छपरीची कमरेएवढी भिंत एएसी ब्लॉकची (म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची), तिच्यावर सागवानाचं आडवं लाकूड, लाकडावर खांब आणि वर टिन. विदर्भातल्या खेड्यांत अशी बांधणी आता बरीच दिसते. ब्लॉक हलका आणि मोठा, त्यामुळे भिंत लवकर उभी राहते. अडतं ते लाकूड भिंतीला धरून ठेवण्यापाशी. दुकानात चार-पाच प्रकारचे फास्टनर समोर ठेवतात आणि सगळेच "चालते" म्हणून विकले जातात.

आधी ब्लॉकची खात्री करा. फ्लाय ॲशची वीटही राखाडीच असते, पण ती भरीव आणि जड. खिळ्याने ओरखडा काढला की एएसीवर खोल चर पडते आणि पीठ गळतं. विटेवर नुसती रेघ उमटते. एएसीचा कोरडा तुकडा बादलीत तरंगतो. ६०० × २०० × १५० मिमीचा ब्लॉक कोरडा असताना साधारण ११ किलो भरतो, कारण त्यात बहुतेक हवाच असते. दाब सोसायची त्याची ताकद ३ ते ४ न्यूटन प्रति चौरस मिमी, आणि फास्टनर निवडताना हाच आकडा डोक्यात ठेवायचा.

फुगणारे फास्टनर

लोखंडी फास्टनर, म्हणजे नट आवळला की ज्याची नळी फाकते तो, एएसीत वापरूच नका. काँक्रीटमध्ये तो भोकाच्या भिंतीला दाबून बसतो. एएसीत ती भिंतच चुरते. नट आवळत जावं तशी पकड वाढण्याऐवजी भोक मोठं होत जातं, आणि कडेपासून तीन-चार इंचांच्या आत असेल तर ब्लॉकचा कोपराच निघून येतो. साध्या प्लास्टिक गिट्टीचंही तेच. सुरुवातीला घट्ट वाटते, चार-सहा महिन्यांत स्क्रूसकट फिरायला लागते. फोटो, कॅलेंडर टांगायला ठीक.

लांब नायलॉन प्लग

फ्रेम फिक्सिंग म्हणून मिळतो तो १० मिमी जाडीचा लांब प्लग याहून पुष्कळ बरा, कारण तो जोर एका जागी न देता लांबीभर वाटतो. ब्लॉकच्या आत किमान ७० मिमी गेला पाहिजे, आणि त्यात प्लास्टरची जाडी धरायची नाही. दीड इंची फळी असेल तर १० × १२० चा घ्या. तीन इंची लाकडाला १६० मिमी लागेल, तो तालुक्याला मिळाला तर नशीब. ड्रिलचा हॅमर बंद ठेवा. हॅमरने भोक आतून अंड्यासारखं होतं. नरम ब्लॉकमध्ये १० च्या प्लगला ९ मिमीचा बिट वापरला तर पकड चांगली येते. टोकापासून सहा इंच आत पहिला, मग दर दीड फुटाला एक, आणि ब्लॉकच्या सांध्यात एकही नको. आमच्या मते एका प्लगवर २०-२५ किलोच्या वर विसंबू नये. खिडकीखालच्या फळीला एवढं पुरेसं आहे. खांब पेलणाऱ्या लाकडाला अजिबात नाही.

केमिकल

भिंत बांधून झाली आहे आणि लाकडाला आडवा धक्का बसणार आहे, उदाहरणार्थ वर जाळी आहे किंवा गुरं अंग घासणार आहेत, तर केमिकल (भोकात भरला की घट्ट होणारा, नळीतून मिळणारा चिकट माल) आणि तीन सुती, म्हणजे साधारण १० मिमीची आट्यांची सळाख. १२ मिमीचं भोक, १०० मिमी खोल. तळाशी ड्रिल थोडं गोल हलवून भोक आत जरा रुंद करा, म्हणजे घट्ट झालेला गोळा वर सरकत नाही. फुंका, ब्रश मारा, परत फुंका. एएसीची भुकटी पिठासारखी बारीक असते; ती आत राहिली तर केमिकल भुकटीला चिकटतं, ब्लॉकला चिकटतच नाही. नळीतून निघणारा पहिला माल रंग एकसारखा होईपर्यंत फेकून द्या, मग तळापासून दोन तृतीयांश भोक भरा आणि सळाख फिरवत घाला. एका भोकाला साडेसात मिली धरा. ३०० मिलीच्या नळीत, वाया जाणारं धरून, तीसएक भोकं होतात.

इथला खरा शत्रू उन्हाळा. मे महिन्यात भिंत ४५ अंशांवर तापलेली असते, आणि केमिकल सळाख घालेपर्यंतच आवळून बसतं. काम सकाळी लवकर करा, नळी सावलीत ओल्या फडक्यात ठेवा, घेताना तिची मुदत पाहा.

खांब असेल तर हिशेब वेगळा

भारतीय मानक ८७५ च्या भाग ३ मध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. त्या वेगाला चौरस मीटरमागे ११८ किलोचा दाब होतो. उघड्या छपरीत वारा खालून शिरतो आणि वरूनही ओढतो, म्हणून उचल चौरस मीटरमागे १०० किलोच्या आसपास धरावी. दर पाच फुटांवर खांब आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाच बाय पाच फूट टिन आलं, तर टिन-लाकडाचं वजन वजा जाता एका खांबावर २०० किलोची उचल येते. त्याच्या खालची पाच फूट लांब, तीन फूट उंच, सहा इंची भिंत भरते १२० किलो. म्हणजे वावधनात फास्टनर निसटला नाही, तरी वरचा थर त्याच्यासकट उचलला जाऊ शकतो. मसाल्याच्या सांध्यावर किती भरवसा ठेवायचा? काळ्या जमिनीत पाया हलून भिंतीला बारीक तडे गेले असतील तर तोही उरत नाही.

त्यामुळे भिंत अजून बांधायची असेल तर आमचा कौल निःसंशय जे-बोल्टला, म्हणजे खालचं टोक आकड्यासारखं वाकवून काँक्रीटमध्ये पुरायच्या बोल्टला. प्रत्येक खांबाच्या जागी प्लिंथ बीममधून (जोत्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यातून) तीन सुती दोन सळाखी वर काढा आणि सहा बाय सहा इंचांचा काँक्रीटचा खांब भिंतीत भरा. डोक्यावर सहा इंची पट्टा ओता: १:१.५:३ चा माल (सिमेंट, रेती, खडी), दोन सळाखी आडव्या. त्यात चार सुती (अर्धा इंच जाड), १० ते १२ इंची जे-बोल्ट उभे करा, आकडा सळाखीखाली अडकवून. ओतण्याआधी ब्लॉकचा वरचा थर ओला करायला विसरू नका. कोरडा ब्लॉक काँक्रीटचं पाणी पिऊन टाकतो. पट्ट्यावर ओली पोती किमान सात दिवस.

भिंत आधीच उभी असेल तर? खांबाच्या दोन्ही अंगांनी लोखंडी पट्टी आडव्या लाकडावरून खाली नेऊन प्लिंथ बीमला बोल्ट करा. प्लिंथ काँक्रीटची असेल तर तिथं लोखंडी फास्टनर चालतो.

लाकडाखाली डांबरी फेल्ट घाला, नाहीतर ब्लॉकमधली ओल लाकडात चढते आणि मागोमाग उधई. चार सुती बोल्टला लाकडात १४ मिमीचं भोक ठेवा, नटखाली ५० × ५० × ५ मिमीची चौकोनी पट्टी, सगळं गॅल्वनाइज्ड. बाभळीच्या लाकडात साधं लोखंड काळे डाग पाडतं. पावसात फुगलेलं लाकूड उन्हाळ्यात आखडतं आणि नट सैल पडतात, म्हणून पहिला उन्हाळा संपत आला की वादळी पावसाआधी सगळे नट पान्याने एकदा आवळून घ्या.