शब्द शिकवणारं ॲप, वर्षाचे 499, स्टार दोन

ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, असली पाच-सहा बघितली, सगळी एकाच माळेचे मणी. रोज सकाळी 8 ला एक इंग्रजी शब्द येतो, अर्थ, उच्चार, वाक्यात उपयोग आणि खाली 'शब्दाची गोष्ट'. अर्थ-उच्चार ठीकठाक आहेत, वांधा त्या गोष्टीत आहे.

एक दिवस आला 'पॉश'. पॉश एरिया, पॉश हॉटेल आपण उठसूट म्हणतो त्यामुळे लगेच वाचलं. तर म्हणे साहेब लोक विलायतेहून बोटीने मुंबईला यायचे, बोट पूर्वेकडे चाललेली म्हणजे डावी बाजू उत्तरेला, तिथे ऊन कमी, म्हणून पैसेवाले येताना डावीकडची म्हणजे पोर्ट साइडची केबिन घ्यायचे आणि जाताना उजवी, स्टारबोर्डची. तिकिटावर शिक्का, पोर्ट आउट स्टारबोर्ड होम, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. मुंबईचं नाव आलं की आपण विरघळतोच, मीपण विरघळलो.

दोनच दिवसांनी ऑफिसात पॉशचं ट्रेनिंग, तोच 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा (तिथली आद्याक्षरं मात्र खरी आहेत, प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट). चहाला उभे होतो, मी ही गोष्ट दिली ठोकून. टीममधला एक पोरगा बिस्किट बुडवत म्हणाला, सर, असा शिक्का मारलेलं एक तरी तिकीट सापडलंय का कुठे? बिस्किट पडलं त्याचं चहात, पण तोंड माझं बघण्यासारखं झालं.

रात्री एटिमॉनलाइन उघडलं. इंग्रजी शब्दांची मूळं सांगणारी, डग्लस हार्पर या माणसाने उभी केलेली साइट, फुकट आहे. तिथे सरळ लिहिलंय की बोटीच्या गोष्टीला पुरावा नाही, मूळ नक्की ठाऊक नाही. 1914 च्या आसपास पॉश म्हणजे झकपक असा अर्थ दिसतो, 1890 ला पॉश म्हणजे छानछोकी करणारा माणूस, आणि त्याआधी 1830 ला चोरांच्या बोलीत पैसा, तोही किरकोळ, अर्धा पेनी. तो बहुतेक रोमानी, म्हणजे युरोपातल्या भटक्या रोमा लोकांच्या भाषेतल्या 'अर्धा' या अर्थाच्या शब्दावरून आला असावा. आणि रोमानी मूळची आपल्याकडचीच की! म्हणजे भारताचा धागा असलाच तर साहेबाच्या केबिनमध्ये नाही, भटक्या लोकांच्या चिल्लरमध्ये आहे. हे जास्त भारी नाही का? पण ॲपवाल्यांना व्हॉट्सॲप फॉरवर्डच विकायचेत.

फीडबॅक टाकला, तर तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे असा छापील रिप्लाय आला. आज सकाळचा शब्द होता 'न्यूज'. गोष्ट? नॉर्थ ईस्ट वेस्ट साउथ. ऑटो-रिन्यू बंद केलंय.