डक्टच्या जाळीमागं पॅकिंगचा फोम

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी लोकवर्गणीतून अभ्यासिका काढली. मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, म्हणून डक्ट कूलर घेतला, म्हणजे पत्र्याच्या बोगद्यातून (डक्टमधून) गार हवा आत सोडणारा. गारवा झकास, पण घरघर अशी की पोरं वैतागली.

एक डक्टवाला आला. "कायले घाबरता भाऊ, आतून 2 इंची ग्लासवूल, म्हंजे काचेच्या तंतूचं अस्तर, अन् वरून छिद्राचा पत्रा मारतो, आवाज मेल्यासारखा होते." 38 हजार ठरले. काम झाल्यावर संध्याकाळी त्यानं मोबाइलवर ॲप लावून दाखवलं : आधी 68 डेसिबल, आता 52. आम्ही खूश, पैसे चुकते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी कूलर चालू केला तर पुन्हा तीच घरघर. पठ्ठ्यानं रेग्युलेटर कमीवर करून आवाज मोजला होता! पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज तसाही साधारण 15 डेसिबलनं उतरतो, अस्तर असो की नसो. फोन केला तर म्हणे, "तुमची हवाच जास्त हाये."

पंधरा दिवसांनी पोरांच्या वह्यांवर करडा भुगा पडू लागला. फुंकर मारली की उडायचा, ओल्या हाताला चिकटायचा. नागपूरला एसीची कामं करणाऱ्या पुतण्यानं जाळी काढून आत हात घातला. पहिले दोन फूट छिद्राचा पत्रा, त्यापुढं नुसता अर्धा इंच पॅकिंगचा फोम. कूलरच्या ओलीनं कुबट झालेला, हवेच्या माऱ्यानं झिजत चाललेला.

पुतण्या म्हणाला, एवढा पातळ थर फक्त सूं-सूं खातो. घरघर जाड असते, 100 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास साडेतीन मीटर लांब. तिला अर्धा इंच म्हणजे काहीच नाही. अन् खरंच 2 इंची अस्तर द्यायचं तर 18 इंचांचा डक्ट बाहेरून 22 चा करावा लागतो, नाहीतर वाट अरुंद होऊन हवा जोरात पळते अन् जाळीवर नवाच आवाज काढते. आमचा डक्ट तर होता तेवढाच होता. टेप लावला असता तरी समजलं असतं. पण आम्ही बघत बसलो त्याचा मोबाइल!

तुमच्याकडं कुणी असं काम करत असेल तर कूलर फुल स्पीडवर लावून मोजायला लावा, मधली जाळी स्वतः उघडून बघा, अन् तोवर निम्मे पैसे हातात ठेवा.

फोम आम्ही खरवडून काढला. पोरं सध्या कानात कापसाचे बोळे घालून बसतात. कापसाची इथं कमी नाही.