तिहुआनाचे ‘सीझर्स’: सॅलडच्या जन्मगावी, आणि मग घरच्या ओट्यापाशी

सॅन दिएगोतील आमच्या घरी सीझर सॅलड बरीच वर्षे होत असे, पण ते बाटलीतल्या ड्रेसिंगचे. सुपरमार्केटमधून आणलेली ती बाटली उघडली की पांढरट, घट्ट, थोडे गोड आणि व्हिनेगरचा उग्र वास असलेले काहीतरी बाहेर येई. त्यात बुडालेली पाने खाताना लेट्यूसची चव लागत नसे, चीजची लागत नसे आणि लसणाचा तर पत्ताच नसे. तरीही सीझर सॅलड म्हणजे हेच, अशी माझी समजूत होती. ती दूर झाली यंदाच्या वसंतात. अलिबागहून आई आमच्याकडे राहायला आली होती, आणि आम्ही दोघी सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना येथे, ‘सीझर्स’ या उपाहारगृहात जेवायला गेलो. हे परीक्षण त्या उपाहारगृहाचे आहे, आणि तेथे पाहिलेले सॅलड नंतर घरी जसे जमत गेले त्याचेही.

हे सॅलड रोमच्या सीझरच्या काळापासूनचे असावे असे अनेकांना नावावरून वाटते, पण रोमन सम्राटाशी त्याचा काही संबंध नाही. सीझर कार्दिनी हा 1896 साली इटलीतील बावेनो येथे जन्मलेला उपाहारगृहचालक अमेरिकेत आला आणि दारूबंदीच्या काळात त्याने तिहुआनात व्यवसाय मांडला. 1920 ते 1933 या वर्षांत अमेरिकेत दारूविक्री बेकायदा असल्याने कॅलिफोर्नियातील माणसे सुट्टीच्या दिवशी सीमेपलीकडे गर्दी करीत असत. 4 जुलै 1924 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, गर्दी इतकी झाली की मुदपाकखान्यातील जिन्नस संपत आले, आणि उरलेल्या मोजक्या वस्तूंतून कार्दिनीने टेबलापाशीच हे सॅलड बनवले, असे त्याची कन्या रोझा सांगत असे. त्याचा भाऊ अलेक्स याच्या नावावरही त्याचे श्रेय सांगितले जाते. वाद काहीही असो, पदार्थ तिहुआनाचा आहे. मूळ कृतीत अँचोव्ही या खारवलेल्या लहान माशाचे तुकडे नव्हते, माशाची चव येत असे ती वूस्टरशायर या आंबट-खारट इंग्लिश सॉसमधून, आणि पाने अख्खी ठेवून हाताने खाल्ली जात, हे रोझाकडून कळलेले तपशील अमेरिकेतील प्रसिद्ध पाककलातज्ज्ञ ज्युलिया चाइल्ड यांनी नोंदवून ठेवले आहेत. त्यांनी स्वतः लहानपणी आईवडिलांसोबत कार्दिनीच्या टेबलावर हे सॅलड खाल्ले होते.

सॅन दिएगोहून निळ्या मार्गाची ट्रॉली (शहरी रेल्वे) सान इसिद्रो येथे थेट सीमेपाशी सोडते आणि तेथून पलीकडे पायी जाता येते. भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र परतताना तोच व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे. ‘सीझर्स’ आवेनिदा रेवोलुसिओन या मुख्य रस्त्यावर आहे. 2010 पासून ते प्लासेन्सिया कुटुंबाकडे आहे. आत गडद लाकूड, लांबलचक बार आणि भिंतींवर जुनी छायाचित्रे. आम्ही दुपारी लवकर गेलो, त्यामुळे टेबलापाशी सॅलड घोटणाऱ्या वाढप्याला घाई नव्हती आणि आम्हाला प्रत्येक पायरी नीट पाहता आली. जाणाऱ्यांनी ही वेळ जरूर साधावी, कारण येथे जे पाहायला मिळते त्याचे मोल जे खायला मिळते त्याहून कमी नाही.

वाढप्याने मोठे लाकडी कुंडे पुढ्यात घेतले. त्यात अँचोव्ही, लसूण, दिजों मोहरी (फ्रेंच धर्तीची वाटलेली मोहरी) आणि भरडलेली काळी मिरी घालून चमच्याच्या पाठीने कुंड्याच्या कडेवर इतके घोटले की त्याचा एकजीव लगदा झाला. मग वूस्टरशायर सॉसचे काही थेंब, अंड्याचा पिवळा बलक आणि लिंबू. त्यानंतर डाव्या हाताने ऑलिव्ह तेलाची बारीक धार धरून उजव्या हाताने तो न थांबता फेटत राहिला, आणि पाहता पाहता पातळ, तपकिरी दिसणारे मिश्रण फिकट, दाट आणि तकतकीत होऊन मिळून आले. शेवटी किसलेले पार्मेझान चीज. रोमेन लेट्यूसची आतली, कोवळी, लांब पाने त्याने अख्खीच कुंड्यात घातली आणि ती ढवळली नाहीत, तर एकेक पान ड्रेसिंगमध्ये लोळवून घेतले. बशीत पाने एकावर एक रचली, वर भाजलेल्या पावाची एकच चकती ठेवली, झाले.

आईने पहिले पान देठाकडून उचलले, आणि ते मोडतानाचा कुरकुरीत आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला. ड्रेसिंग पानावर साचलेले नव्हते, त्याचा फक्त एक पातळ थर होता. प्रथम लिंबू लागते, मग लसूण, मग चीजचा खारटपणा, आणि घास संपल्यावर मागे काहीतरी खोल, मुरलेले उरते. ते अँचोव्हीचे. मासळीचा वास मात्र कोठेही येत नाही. बाटलीतल्या ड्रेसिंगने वर्षानुवर्षे ज्या पदार्थाचे नाव लावले होते तो पदार्थ मी त्या दिवशी प्रथम खाल्ला, असे मला मनापासून वाटते.

माझ्यासाठी सर्वांत मोलाची गोष्ट होती ते लिंबू. अमेरिकेतील बहुतेक कृतींत मोठे पिवळे लेमन सांगितलेले असते. तिहुआनात लिमोन म्हणजे छोटे, हिरवे, पातळ सालीचे लिंबू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मेक्सिकन लाइम आणि आपले कागदी लिंबू एकाच जातीचे आहेत, आणि आईने कुंड्याशेजारची फोड नाकाशी धरली तेव्हा तिला ते शास्त्रावाचूनच कळले. “अगं, हे तर आपलंच लिंबू,” ती म्हणाली. म्हणजे पुण्यात, रत्नागिरीत किंवा मडगावात कोणी हे सॅलड करू पाहील, तर ‘लेमन मिळत नाही, म्हणून आपले लिंबू’ अशी तडजोड करण्याची गरजच नाही. आपले लिंबू हेच तिहुआनाच्या चवीला अधिक जवळचे आहे. आंबटपणा तीक्ष्ण, सुवास थोडा कडवट फुलासारखा, आणि त्यामुळे अंडे व तेल यांचा जडपणा लगेच कापला जातो. वूस्टरशायर सॉसमध्येही पारंपरिक घटक म्हणून चिंच असतेच. या सॅलडची आंबट बाजू आपल्या जिभेला इतकी ओळखीची का वाटते, हे त्यावरून उमगते.

घरी चार जणांसाठी मी आता रोमेनचे दोन गड्डे, अँचोव्हीच्या चार पट्ट्या, लसणाची एक लहान पाकळी, एक चहाचा चमचा दिजों मोहरी, तेवढाच वूस्टरशायर सॉस, एका अंड्याचा बलक, एका रसदार लिंबाचा रस, साधारण 80 मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि 40 ग्रॅम पार्मेझान घेते. लाकडी कुंडे नसेल तर खलबत्ता उत्तम, कारण मिक्सरमध्ये इतका थोडा लसूण बारीक होत नाही आणि ऑलिव्ह तेल कडवट होण्याचा संभव असतो. मीठ अगदी शेवटी, चाखून मगच, कारण अँचोव्ही आणि चीज दोन्ही खारट असतात. खरी कसोटी तेलाची आहे. बलकातील लेसिथिन तेलाचे सूक्ष्म थेंब रसात धरून ठेवते, पण आरंभी तेल एकदम ओतले तर त्याला ते पेलत नाही आणि ड्रेसिंग फाटते. माझे पहिले दोनदा फाटले. असे झाले तर टाकून देऊ नये. दुसऱ्या भांड्यात नवा बलक घ्यावा आणि फाटलेले मिश्रण त्यात थेंबाथेंबाने फेटत जावे, ते पुन्हा मिळून येते.

कच्च्या अंड्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. कार्दिनी अंडे एक मिनिट उकळत्या पाण्यात ठेवीत असे, पण त्याने बलक फक्त किंचित दाटतो, साल्मोनेला जंतू मरत नाहीत. घरात वृद्ध, लहान मुले किंवा गरोदर स्त्री असेल तर पाश्चराइज्ड, म्हणजे सौम्य उष्णतेने जंतुमुक्त केलेली, अंडीच वापरावीत. पाण्याचे तापमान स्थिर ठेवणारे उपकरण असेल तर कवचासह अंडी 57 अंश सेल्सिअसला 75 मिनिटे ठेवूनही हे साधते आणि बलक कच्च्यासारखाच प्रवाही राहतो. आई असेपर्यंत मी तसेच केले.

अँचोव्हीच्या बाबतीत आमच्या घरात आईचा शब्द अखेरचा ठरला. मी डबा उघडला तेव्हा तिने एक पट्टी चाखून “ही मांदेलीच्या नात्यातली दिसते” असे सांगितले, आणि ते खरे आहे. आपली मांदेली अँचोव्हीच्याच कुळातील मासा आहे. फरक आहे तो मुरण्याचा. भूमध्य समुद्रातील अँचोव्ही अनेक महिने मिठात दाबून ठेवतात, त्यात मांस तांबूस होते, विरघळू लागते आणि त्याची चव मासळीकडून रश्शाच्या अर्काकडे झुकते. म्हणून ताजी मांदेली येथे चालणार नाही, सुकी तर नाहीच. तेलातील अँचोव्ही घ्यावी, आणि डब्यापेक्षा काचेच्या बरणीतली बरी, कारण पट्ट्यांचा रंग विकत घेण्यापूर्वीच पाहता येतो.

शाकाहारी वाचकांना हे सॅलड केपर्स (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्या) आणि माशाविना बनवलेल्या वूस्टरशायर सॉसवर करता येईल. मात्र चीजकडे लक्ष द्यावे, कारण अस्सल पार्मेझान, म्हणजे पार्मिजानो रेजानो, वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात आणि किमान 12 महिने मुरवतात. भारतात हिरवा ठिपका असलेली, सूक्ष्मजीवजन्य रेनेटची पार्मेझान धर्तीची चीज मिळतात. किसून विकली जाणारी कोरडी भुकटी टाळावी, तुकडा आणून घरी किसावा.

पावासाठी मुंबई-पुण्याकडे ब्रून पावाहून चांगली वस्तू नाही. चकत्या करून लसणाच्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात, म्हणजे बाहेरून कडक आणि आतून किंचित चिवट राहतात.

आणि पाने. धुतल्यावर ती पंच्यात गुंडाळून पूर्ण कोरडी करावीत आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवावीत. पानावर पाण्याचा थेंब राहिला तर इतक्या निगुतीने घोटलेले ड्रेसिंग त्यावर टिकत नाही, घसरून तळाशी जाते. आपण कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळीच घालतो, तसेच पाने आणि ड्रेसिंग यांची गाठ माणसे पानावर बसल्यावरच घालून द्यावी. आई अलिबागला परतण्याच्या आदल्या रात्री तिने स्वतः हे सॅलड केले, एकेक पान बोटांनी लोळवत, आणि आम्ही चौघांनी ते हातानेच खाल्ले.