पाच समाजमाध्यमे, दहा महिने आणि चौकशीची वही

हाताने शिवलेल्या वह्या तयार करणे आणि जुन्या पुस्तकांची नव्याने बांधणी करणे, असा आमचा दोन माणसांचा व्यवसाय आहे. जाहिरातीसाठी वेगळा माणूस ठेवणे शक्य नसल्यामुळे फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, पिंटरेस्ट आणि एक्स अशा पाच ठिकाणी आम्ही एकाच आठवड्यात खाती उघडली आणि ग्राहकांशी बोलण्यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घेतले. आज दहा महिन्यांनंतर दोन ठिकाणी आमचे काम नियमित चालते, एक ठिकाण थोड्या वेगळ्या कारणासाठी राखले आहे आणि दोन सोडून दिली आहेत.

जिथे गर्दी जास्त तिथे आपण असावे, एवढाच आमचा सुरुवातीचा हिशेब होता. तो चुकीचा असल्याचे एका साध्या वहीमुळे कळले. चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला आम्ही दोन प्रश्न विचारून उत्तरे तिच्या दोन रकान्यांत लिहीत असू: आमच्याबद्दल कुठे समजले, आणि विचारण्याआधी नेमके काय पाहिले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना नीट आठवत नसे. दुसऱ्याचे मात्र आठवत असे, आणि खरा उपयोग त्याचाच झाला.

इन्स्टाग्रामवर आमचा सर्वाधिक वेळ गेला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. २०१० मध्ये छायाचित्रांसाठी सुरू झालेल्या या माध्यमात २०२० पासून रील्स आले आणि आता नव्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा मुख्य रस्ता तोच आहे. आमचे काम दिसायला देखणे असल्यामुळे अनुयायी भराभर वाढले. तीन महिन्यांनी प्रतिसाद बारकाईने वाचले, तेव्हा लक्षात आले की दोरा कोणता वापरता, खळीत काय मिसळता, असे विचारणारे बहुतेक जण आमच्यासारखेच बांधणी करणारे किंवा शिकणारे होते. समव्यवसायिकांची शाबासकी गोड लागते, परंतु ते आपली पुस्तके आपल्याकडे बांधायला देत नाहीत! दोष माध्यमाचा नव्हता. आम्हाला स्वतःला जे पाहायला आवडते तेच, म्हणजे टाके, दोरे आणि अवजारे, आम्ही दाखवत होतो. त्यानंतर कणा तुटून पाने सुटलेला शब्दकोश आणि बांधणीनंतरचा तोच शब्दकोश, अशा जोड्या टाकायला सुरुवात केली. अनुयायांची वाढ मंदावली, चौकशा मात्र वाढल्या. पहिल्या महिन्याच्या आकड्यांवरून माध्यम निवडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण त्या वेळी आम्ही निर्णय घेतला असता तर तो नक्कीच चुकला असता. अर्ध्या मिनिटाच्या रीलसाठी अर्धा दिवस जातो, आणि एका हाताला खळ लागलेली असताना दुसऱ्या हाताने फोन धरणे ही वेगळीच कसरत आहे, हेही सांगायला हवे. शिवाय चित्राखालच्या मजकुरातील दुवा दाबून उघडत नाही. तो परिचयात किंवा स्टोरीत द्यावा लागतो.

यूट्यूबचा अनुभव याच्या अगदी उलट होता. तिथे आम्ही दहा महिन्यांत जेमतेम चौदा व्हिडिओ टाकले. त्यांपैकी पुस्तकाचा सुटलेला कणा घरी कसा सांभाळावा, हा व्हिडिओ पहिले काही आठवडे जवळजवळ कोणीच पाहिला नाही. आज वहीतील दुसऱ्या रकान्यात सर्वाधिक वेळा त्याचेच नाव आहे. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते आणि नेहमीची पोस्टही दोन-चार दिवसांत खाली ढकलली जाते, पण यूट्यूबवर माणसे प्रश्न घेऊन शोधत येतात, त्यामुळे उत्तर जुने असले तरी ते सापडते. घरी दुरुस्ती शिकवली तर आपले गिऱ्हाईक जाईल, ही भीती आम्हालाही होती. प्रत्यक्षात व्हिडिओ पाहून हे आपल्याला जमणार नाही असे ज्यांना वाटते, तेच फोन करतात.

पिंटरेस्टवरील चित्रांतून संकेतस्थळावर येणारे बरेच होते, परंतु त्यांना वही विकत घ्यायची नसून स्वतः बनवायची होती. वह्यांचे साहित्य विकणाऱ्याने मात्र पिंटरेस्टच आधी वापरून पाहावे. एक्सवरील संभाषण त्या त्या दिवसाच्या घडामोडींभोवती फिरते आणि पुस्तकबांधणीत रोज काही घडत नाही, म्हणून तेही सोडले.

फेसबुकचे पान आम्ही पत्ता, वेळ आणि कामाचे नमुने यांसाठी चालू ठेवले आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्या कंपनीने मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचे जाहीर केले, तेव्हापासून व्यवसायाच्या पानाने पैसे न देता फार लांब पोहोचण्याची अपेक्षा ठेवू नये. जुन्या पुस्तकांच्या समूहांची गोष्ट निराळी आहे. अनेक समूहांत जाहिरातीला मनाई असते आणि ती पाळलीच पाहिजे, पण कोणी वाळवी लागलेल्या पोथीबद्दल विचारले असता नीट उत्तर दिले, तर माणसे उत्तर देणाऱ्याचे नाव उघडून पाहतात. आमची सर्वांत मोठी दोन कामे अशीच आली.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालकी एकाच कंपनीकडे आहे आणि ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ही तिन्ही सुमारे सहा तास एकदमच बंद पडली होती, हे माहीत असूनही आम्ही त्याचा विचार केला नव्हता. पुढे एका माध्यमावरील आमचे खाते कारण न कळता नऊ दिवस बंद राहिले, तेव्हा चालू कामांच्या ग्राहकांचे क्रमांकही त्यातच अडकले होते. आता प्रत्येक ग्राहकाचे नाव आणि क्रमांक, त्यांच्या संमतीने, आमच्या स्वतःच्या नोंदवहीत असतो.

व्हॉट्सॲप बिझनेस हे २०१८ मध्ये आलेले ॲप नवे ग्राहक आणून देत नाही, आलेल्यांना धरून ठेवते. कॅटलॉग, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे आणि कामाच्या टप्प्यानुसार लावता येणारी लेबले यांचा रोज उपयोग होतो. एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याच्या प्रसारण यादीत (ब्रॉडकास्ट लिस्ट) मात्र २५६ पर्यंतच माणसे घेता येतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो, म्हणून काम देताना तो जतन करण्याची विनंती आम्ही तोंडीच करतो.

वर्षअखेरीला डायऱ्या घाऊक मागवणाऱ्या कार्यालयांपर्यंत पोहोचण्यासाठी लिंक्डइन वापरून पाहायचे आहे. चौकशीच्या वहीत त्याचा रकाना आखला आहे. त्यात अजून एकही नोंद नाही.